फ्युएल प्रेशरचा काटा जागेवर राहत नाही? पंप बदलण्याआधी हे तपासा

सोलापुरात मार्च संपला की मॉडिफाय केलेल्या गाड्यांची एक तक्रार हमखास कानावर येते. फ्युएल प्रेशरचा, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या दाबाचा, काटा स्थिर राहत नाही. सकाळी ठीक असतो, दुपारी खाली बसतो. कुणाचा आयडलिंगला थरथरतो, कुणाचा बूस्ट (टर्बोने इंजिनात दाबलेली जादा हवा) आला की पडतो. गॅरेजमधलं उत्तरही ठरलेलं असतं, "अण्णा, पंप गेलाय, नवीन टाकू." नवीन पंप पडतो, आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तेच रडगाणं.

पंप खराब होतच नाही असं नाही. पण काटा हलायची कारणं पुष्कळ आहेत आणि प्रत्येक कारण काट्याला वेगळ्या वेळी हलवतं. म्हणून माझा आग्रह असा की काटा किती हलतो हे बघण्याआधी तो कधी हलतो ते वहीत लिहून काढा. इंजिन थंड की गरम, टाकीत पेट्रोल किती, आयडलिंग की लोड, फॅन आणि हेडलाइट चालू की बंद. एवढी टिपणं हाताशी असली की पाना हातात घेण्याआधीच संशयित दोन-तीनच उरतात.

पुढचं सगळं पोर्ट इंजेक्शनच्या, म्हणजे इंजेक्टर सिलिंडरच्या बाहेर पेट्रोल फवारतात अशा, पेट्रोल गाड्यांबद्दल आहे. एस्टीम, जुनी बलेनो, जुनी सिटी अशा गाड्या, ज्यांना नंतर टर्बो, मोठे इंजेक्टर किंवा मोठा पंप बसवलेला आहे. आजच्या डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो गाड्यांत रेलचं, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचं, प्रेशर २०० बारच्या वर जातं. तिथे घरी पाइप सैल करायचा विचारही करू नका.

काटा हलायलाच हवा, तो कधी?

रेलवरचं गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत प्रेशर दाखवतं. इंजेक्टरला मात्र एका बाजूला रेलमधलं प्रेशर आणि दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डमधली, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधली, हवा असते, आणि पेट्रोल किती पडणार हे या दोन्हींतल्या फरकावर ठरतं. तो फरक कायम राहावा म्हणून रिटर्न लाइन (उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारा पाइप) असलेल्या गाड्यांत रेग्युलेटरला, म्हणजे प्रेशर ठरवणाऱ्या व्हॉल्व्हला, मॅनिफोल्डची व्हॅक्युम नळी जोडलेली असते.

समजा बेस प्रेशर ३ बार, म्हणजे ४३ पीएसआयच्या आसपास ठेवलंय. हे नेहमी व्हॅक्युम नळी काढून, तिचं तोंड बंद करून मोजायचं. नळी परत लावली की आयडलिंगला मॅनिफोल्डमधली पाऱ्याच्या १८ ते २० इंचाची व्हॅक्युम, म्हणजे ०.६ ते ०.६८ बार, त्यातून वजा होते आणि काटा २.३५ च्या जवळपास उतरतो. रेस दिली की ३ कडे झेपावतो. अर्धा बार बूस्ट आला तर त्याने ३.५ दाखवायला हवं. हे वरखाली होणं म्हणजे रेग्युलेटर आपलं काम चोख करतोय.

आता याचीच उलटी बाजू बघा. अर्ध्या बार बूस्टला काटा ३ वरच उभा राहिला. गेजकडे बघून सगळं स्थिर वाटतं, पण इंजेक्टरला मिळणारा फरक २.५ बारच उरला. पेट्रोलचा प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, त्यामुळे सुमारे ९ टक्के पेट्रोल कमी पडतं. काटा २.६ पर्यंत उतरला तर १६ टक्के कमी, तेही इंजिनाला सर्वांत जास्त पेट्रोल हवं असतं त्या क्षणी. गाडी लीन होते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), नॉकिंग म्हणजे सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट सुरू होतात आणि पिस्टनच्या रिंगा बसतात तिथल्या कडा तुटतात. बूस्टमध्ये काटा पडत असेल तर कारण सापडेपर्यंत गाडी बूस्टमध्ये नेऊच नका. इंजिनाचं काम पंपाच्या किमतीत होत नाही.

काही गाड्या मुळातच रिटर्नलेस असतात, रेग्युलेटर टाकीत असतो आणि काटा साधारण ३.५ ते ४ बारवर एकाच जागी राहतो. अशा गाडीला टर्बो लावलेला असेल तर बूस्टमध्ये फरक कमी होणारच. तो मॅपमध्ये, म्हणजे ईसीयूतल्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या) पेट्रोलच्या तक्त्यात, धरलाय का, हे ट्यूनरला स्पष्ट विचारा.

पहिला संशय गेजवर घ्या

बॉनेटखाली रेग्युलेटरवर बसवलेलं ग्लिसरीन भरलेलं छोटं गेज बहुतेकांच्या गाडीत असतं. ग्लिसरीनमुळे काटा कमी थरथरतो म्हणून ते घेतलं जातं. पण हे गेज सीलबंद असतं. गरम झालं की आतलं ग्लिसरीन आणि हवा फुगते, केसमध्ये दाब साठतो आणि तो आतल्या वाकड्या पितळी नळीवर बाहेरून बसतो. त्यामुळे गेज खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. बाहेर ४२-४३ अंश, त्यात शेजारी टर्बो, आणि सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी उभी. अशा वेळी काही पीएसआयची चूक सहज होते. प्रेशर होतं तिथेच असतं, आणि दोष पंपाच्या माथी येतो.

तपासायला वेळ लागत नाही. गेजच्या वर एक रबरी बूच असतं. गेज गरम असताना ते नखाने किंचित उचला, टर्बोपासून हात जपून. फुस्स आवाज होऊन हवा सुटली आणि काटा वर सरकला, तर खोट गेजची होती. त्या बुचाला बारीक भोक ठेवलं किंवा गेज रेलपासून दूर, एका छोट्या पाइपवर नेलं की हा त्रास संपतो. मी तर म्हणेन, बॉनेटखालच्या गेजचा उपयोग थंड इंजिनावर बेस प्रेशर लावण्यापुरताच ठेवा.

डॅशवर इलेक्ट्रिक गेज असेल तर सेन्सरची अर्थ (अर्थिंग) बघा. एका वायरच्या सेन्सरला अर्थ त्याच्या आट्यांतून मिळते. लीक नको म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली की अर्थ कच्ची होते आणि काटा भलतंच काही दाखवू लागतो. तीन वायरचा सेन्सर ५ व्होल्टवर चालतो आणि साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टचा सिग्नल देतो. त्याची अर्थ ईसीयूच्या सेन्सर अर्थवर न नेता जवळच्या बोल्टला बांधलेली असेल तर रेडिएटरचा फॅन लागताच काटा उडी मारतो. शिवाय सेन्सर थेट रेलवर घट्ट बसवला की इंजिनाच्या कंपनाने तो लवकर मरतो. वीतभर ब्रेडेड पाइप घालून बॉडीवर बसवलेला बरा.

शंका फेडायची असेल तर चांगलं मेकॅनिकल गेज टी-जोड लावून समांतर जोडा, पाइप बॉनेटच्या कडेतून बाहेर काढा आणि गेज वायपरजवळ काचेवर बाहेरून चिकटवा. आत बसून दोन्ही काटे दिसतात. चालवणाऱ्याने रस्ता बघायचा, शेजारच्याने मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. पेट्रोल भरलेला पाइप केबिनमध्ये मात्र कधीही आणू नका. कुणी ए-पिलरवर मेकॅनिकल फ्युएल गेज बसवून दिलं असेल तर ते आजच काढा.

आयडलिंगला थरथर

इंजेक्टर प्रत्येक वेळी उघडतो-मिटतो तेव्हा रेलमध्ये छोटी लाट उठते. कंपनीच्या अनेक रेलवर ती शोषायला डॅम्पर असतो. शोभेची ॲल्युमिनियम रेल बसवताना तो बसवायचा राहून जातो आणि काटा धूसर दिसण्याइतका कापतो. डॅम्पर परत बसवा, आणि गेजच्या तोंडाशी बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर टाका.

रेग्युलेटरची व्हॅक्युम नळी काढल्यावर थरथर थांबते का, हेही बघा. थांबत असेल तर कारण व्हॅक्युमकडे आहे. नळी एकाच सिलिंडरच्या रनरवर (त्या सिलिंडरच्या हवेच्या नळीवर) बसवली असेल तर त्या सिलिंडरचे झटके थेट रेग्युलेटरला बसतात. ती प्लेनमवर (सगळ्या सिलिंडरांच्या सामाईक हवेच्या डब्यावर) हवी, थ्रॉटलनंतर, आणि तिच्यावर दुसरं काहीही नको. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, बूस्ट गेज आणि रेग्युलेटर एकाच नळीवर लोंबकळलेले मी फार पाहतो. नळीला दोन्ही टोकांना क्लॅम्प लावा, कारण बूस्टमध्ये ती निसटली तर नेमकं पाहिजे तेव्हा प्रेशर चढत नाही. मोठ्या कॅमच्या इंजिनात व्हॅक्युमच कमी आणि ओढाताणीची असते. तिथे काटा थोडा वर आणि थोडा हलता राहणार, दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

नळी काढलीच आहे तर तिचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा टोक ओलं दिसलं तर रेग्युलेटरचा डायफ्राम फाटलाय. मग कच्चं पेट्रोल सरळ मॅनिफोल्डमध्ये जातं. रेग्युलेटर बदलल्याशिवाय गाडी काढू नका.

बूस्टमध्ये काटा पडतो

हाच खरा महत्त्वाचा प्रकार आणि इथेच पंपामागून पंप बदलले जातात. पंप किती पेट्रोल ढकलणार हे त्याला मिळणाऱ्या व्होल्टेजवर ठरतं. कंपनीचा पंप साधारण ४-५ ॲम्पिअर ओढतो, ताशी २५५ लिटरचा पंप ८-१० ॲम्पिअर किंवा त्याहून जास्त. आणि त्याला वीज पोचते वीस वर्षांच्या बारीक वायरमधून, दोन-चार कनेक्टर ओलांडून. बॅटरीवर १४ व्होल्ट असतात, पंपापाशी ११.८ उरतात. पंप नवा असो की जुना, ११.८ वर तो अर्धपोटीच चालणार.

मल्टिमीटरने हे दहा मिनिटांत कळतं. इंजिन चालू, फॅन, हेडलाइट, एसी चालू. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं पंपाच्या पॉझिटिव्हला. जो आकडा येईल तो वाटेत गळालेला व्होल्टेज. मग तेच निगेटिव्हकडे. दोन्हीकडे मिळून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त गळत असेल तर आधी वायरिंग. बॅटरीपासून ४ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीजवळच फ्यूज, ३० ॲम्पिअरचा रिले, आणि पंपाची जुनी वायर त्या रिलेला चालू-बंद करण्यापुरती. हा शेवटचा तुकडा फार महत्त्वाचा आहे. रिलेचा ट्रिगर इग्निशनवर दिला तर अपघातात इंजिन बंद पडल्यावरही पंप पेट्रोल ओतत राहतो. ईसीयूच्या हुकमाने पंप थांबलाच पाहिजे. अर्थचा बोल्ट रंगावर बसलेला असतो, तिथे पत्रा घासून उघडा करा.

व्होल्टेज ठीक असेल तर पंपाचा प्रवाह मोजा. रिटर्न पाइप मापाच्या कॅनमध्ये सोडा आणि इंजिन आयडलिंगला ठेवून १५ सेकंद धरा. ताशी २५५ लिटरचा निरोगी पंप एवढ्या वेळात एक लिटरच्या आसपास पेट्रोल द्यायला हवा. हे मोकळ्या जागेत, थंड इंजिनावर, हाताशी फायर एक्स्टिंग्विशर ठेवून करायचं. पाइप सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. फ्यूज परत बसवून मगच मापायला घ्या. प्रवाह कमी आला तर फिल्टर, टाकीतली जाळी, आणि मग पंप, या क्रमाने.

ओळखीतल्या एका टर्बो एस्टीममध्ये मात्र यातलं काहीच नव्हतं. पंप दोनदा बदललेला, फिल्टर नवा, वायरिंग स्वच्छ, पंपापाशी १३.६ व्होल्ट. आयडलिंगला २.४ वर काटा ठाम, होटगी रोडला रेस दिली की ३.२ पर्यंत जाऊन तिथून हळूहळू घसरायचा. टाकी उतरवली आणि पंपाची असेंब्ली बाहेर काढली तेव्हा उलगडा झाला. पंपापासून झाकणाच्या नळीपर्यंतचा बोटभर रबरी पाइप साध्या दुकानातला होता. पेट्रोलमध्ये बुडून तो फुगून मऊ पडला होता, आणि क्लॅम्पच्या अगदी खाली, लांबीच्या दिशेने, नखाएवढी चीर. पाइप चिमटीत दाबला की चीर उघडायची, सोडला की मिटून दिसेनाशी व्हायची. टाकीतही तेच चाललं होतं. कमी प्रेशरला चीर मिटलेली, प्रेशर चढलं की उघडायची आणि पेट्रोल टाकीतल्या टाकीतच परत पडायचं. बाहेर थेंब नाही, वास नाही. दोन्ही वेळा पंप बदलताना पाइप तोच जुना परत चढवलेला होता.

टाकीच्या आत बुडून राहणारा पाइप वेगळ्या दर्जाचा लागतो. त्यावर एसएई जे-३० आर-१० असं छापलेलं असतं. आर-७ किंवा आर-९ चा पाइप बाहेरच्या लाइनसाठी असतो. आतून पेट्रोल वाहिलेलं त्याला चालतं, बाहेरून पेट्रोलमध्ये बुडालेलं चालत नाही. आर-१० महाग असतो आणि सगळीकडे मिळत नाही, पण लागतो बोटभरच. आपल्याकडे एमआयडीसी भागात हायड्रॉलिक होज सुरेख क्रिम्प करून मिळतात म्हणून काही जण तेच वापरतात. हायड्रॉलिक तेलासाठी बनवलेलं रबर पेट्रोल-इथेनॉलला टिकेल असं धरून चालू नका.

तुळजापूरचा घाट, उन्हाळा आणि ई-२०

वळणावर किंवा चढावर काटा क्षणभर पडतो आणि सरळ रस्त्याला लागताच सावरतो, तेही टाकी पाव भरली असतानाच? मग पंपाच्या तोंडापासून पेट्रोल दूर सरकतंय. मोठा पंप मावत नाही म्हणून पंपाभोवती पेट्रोल धरून ठेवणारी कंपनीची वाटी कापून टाकलेली असते, तेव्हा हे तुळजापूरच्या घाटात लगेच दिसतं. टाकी अर्ध्याच्या वर ठेवून त्याच वळणांवर परत बघा. काटा पडला नाही तर निदान पक्कं. वाटी परत बसवा किंवा सर्ज टँक (पंपासाठी कायम भरलेली छोटी जादा टाकी) घ्या.

उन्हाचा मामला याला जोडूनच येतो. रिटर्न लाइनच्या गाडीत गरम रेलवरून फिरून आलेलं पेट्रोल सतत टाकीत परतत राहतं. पंप जितका मोठा आणि पेट्रोल जितकं कमी, तितकी टाकी लवकर तापते. तापलेल्या पेट्रोलची पंपाच्या तोंडाशी वाफ होते, पंपाचा आवाज बदलून किरकिरा होतो आणि काटा अस्वस्थ होतो. पंप टाकीबाहेर, पेट्रोलच्या पातळीपेक्षा वर बसवलेला असेल तर हे आणखी लवकर. असे पंप पेट्रोल ढकलतात जोरात, खेचतात मात्र फार कमी. ते टाकीच्या खाली आणि जवळ हवेत. रेलजवळच्या टर्बोला हीट शील्ड, पाइपांना उष्णतारोधक स्लीव्ह आणि उन्हाळ्यात टाकी अर्धी भरलेली, एवढ्यानेच बऱ्याच गाड्यांची दुपारची तक्रार थांबते.

२०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलेलं ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, हा जुन्या गाड्यांसाठी वेगळा विषय आहे. उसाच्या या जिल्ह्यात इथेनॉल कुणाला समजावून सांगायला नको, पण ते टाकीतला जुना मळ सोडवतं आणि जुनं रबर खराब करतं. ई-२० वर आल्यानंतरच्या काही टाक्यांत फिल्टर चोंदला तर नवल नाही. तो एकदा बदलून टाका. आणखी एक गल्लत इथे होते. ई-२० ला हवेच्या मानाने जास्त पेट्रोल लागतं. साध्या पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १, ई-२० चं साधारण १३.५ ला १. जुन्या मॅपवर वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर) लीन दाखवत असेल आणि काटा मात्र हिशोबाप्रमाणे योग्य जागी असेल, तर प्रेशर बघत बसू नका. मॅप सुधारायला हवा.

काटा हवा त्यापेक्षा वर

मोठा पंप टाकल्यावर रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण सैल केला तरी काटा ३.६ च्या खाली येत नाही, असं झालं तर रिटर्न लाइन अरुंद पडतेय. कंपनीची बारीक नळी मूळ पंपाच्या मापाची असते. रेग्युलेटरमधून थेट कॅनमध्ये जाड पाइप सोडून बघा. काटा उतरला तर रिटर्न मोठी करा. कुठे पिळलेला किंवा जॅकखाली चेपलेला पाइप नाही ना, हे आधी.

जाता जाता कागदांचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, काही अपवाद सोडता, आरसीवरचे तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कडकपणे सांगितलं आहे. इंजिनात मोठा बदल करायचा असेल तर आधी आरटीओत विचारा.

गाडी बंद केल्यावर काटा झपकन शून्यावर

इंजिन बंद केल्यावर प्रेशर काही वेळ टिकायला हवं. झटकन पडत असेल आणि गरम इंजिन स्टार्ट व्हायला वेळ घेत असेल, तर तीन जागा आहेत. पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारा), रेग्युलेटर आणि गळके इंजेक्टर. बंद करताक्षणी रिटर्नचा रबरी पाइप चिमट्याने हलकेच दाबा. काटा थांबला तर रेग्युलेटर. पुढच्या वेळी पंपाकडून येणारा पाइप दाबा. त्याने थांबला तर चेक व्हॉल्व्ह किंवा टाकीतला तो बोटभर पाइप. नायलॉनचे कडक पाइप मात्र दाबू नका, ते तडकतात. दोन्ही दाबूनही काटा उतरतोय आणि बाहेर कुठे ओल नाही, तर इंजेक्टर गळतोय. प्लग काढून कुठला ओला आहे ते बघा, आणि ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल पातळ झालंय. आधी इंजेक्टर काढून साफ करून तपासून घ्या, मग ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, आणि त्यानंतरच इंजिन चालू करा.